हमीदचाचांच्या मापाची खिडकी

सपाट छत कधीच सपाट नसतं. हे वाक्य माझं नाही, हमीदचाचांचं. पॉलिटेक्निकच्या तीन वर्षांत मला ते कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या पहिल्या नकाशात मी छताची रेघ पट्टीनं सरळ आडवी ओढली होती. चाचांनी कागदावर दोन बोटं ठेवली आणि म्हणाले, "बेटी, पाणी बी माणसावानीच असतंय. जायला वाट दिली न्हाई, की बसून घेतंय." तेव्हापासून माझ्या प्रत्येक सपाट छताला पुढच्या बाजूला दोन बोटांचा ढाळ असतो. बघणाऱ्याला तो कळत नाही, पाण्याला बरोबर कळतो.

मी लातूरला राहते आणि पत्र्याच्या घरांवर खिडक्या चढवते. आमच्याकडे गल्लोगल्ली दुपाखी पत्र्याची घरं आहेत, म्हणजे मध्ये आढं आणि दोन्हीकडे उतार. आत पत्र्याखाली माळा असतो. आढ्याखाली माणूस उभा राहू शकतो, पण दोन पावलं सरकला की कपाळ आपटतं. म्हणून माळ्यावर जुनी भांडी, रिकामी पोती आणि मोडका पाळणा राहतो, माणूस राहत नाही. आम्ही एका उताराचे दोन पत्रे काढतो, तिथं लोखंडी चौकोनी पाइपांचा सांगाडा उभा करतो, दोन्ही बाजूंना सिमेंटच्या पातळ फळ्या लावतो, समोर खिडकी बसवतो आणि वर सपाट छप्पर घालतो. घराच्या डोक्यावर पेटी ठेवल्यासारखं दिसतं. त्या पेटीपुरता माळा उंच होतो आणि घरात उजेड शिरतो. स्लॅब का टाकत नाहीत, असं बाहेरचे लोक विचारतात. एक तर जुन्या भिंती तो पेलत नाहीत. दुसरं म्हणजे, भूकंपात इथली माती-लाकडाची धाब्याची घरं माणसांवर बसली, त्याला तीस वर्षं होऊन गेली, तरी डोक्यावर जड काही नको म्हणणारी माणसं या जिल्ह्यात अजून पुष्कळ आहेत.

या पेटीला आपल्याकडे धड नाव नाही. अंदाजपत्रकात मी 'छतखिडकी' लिहिते, गिऱ्हाईक नुसतं 'वरचं' म्हणतात आणि हमीदचाचा कबुतरखाना म्हणतात.

सगळी कसोटी जोडात असते. पेटी कुणीही उभी करील. उतरता पत्रा आणि पेटीची भिंत जिथं भेटतात, तिथं पाणी शिरतं. त्या सांध्यावर पत्र्याची वाकवलेली पट्टी अशी सरकवावी लागते, की वरचं पाणी खालच्या थरावरच पडलं पाहिजे, थराच्या पोटात जाता कामा नये. ही पट्टी उलटी बसली तर कितीही डांबर ओता, पहिल्याच पावसात घरवाला तुमच्या आईवडिलांचा उद्धार करतो. हे मी अनुभवानं सांगते. माझ्या आईवडिलांचा भोकरमध्ये एकदा झालेला आहे.

आईवडिलांवरून आठवलं. मी मूळची नांदेडची. वडील पोस्टात होते आणि सुट्टीच्या दिवशी अंधश्रद्धेविरुद्धच्या पुस्तिका विकायचे. जयंती असो, मेळावा असो, परिषद असो, सतरंजी अंथरून त्यांचं दुकान लागलेलंच. मी पुस्तिकांच्या गठ्ठ्यावर बसून मोठी झाले. पाठ्यपुस्तकाच्या आधी मी पत्रकं वाचली, आणि सहावीत असताना वर्गातल्या कोंबड्याच्या बळीच्या धड्यावरून बाईंशी वाद घातला. वडिलांनी त्या दिवशी मला भजी खाऊ घातली. असं बाळकडू मिळालेली मुलगी बांधकामात उतरली की काय होतं, ते सांगायला नको. मी पायाला नारळ फोडू देत नाही, खांबाला लिंबू-मिरची बांधू देत नाही. स्वतःच्या पैशानं छापलेलं एक चार पानी पत्रक मी प्रत्येक गिऱ्हाइकाला अंदाजपत्रकासोबत द्यायची: 'मुहूर्त नको, माप बघा'. त्यातलं माझं सगळ्यात लाडकं वाक्य होतं, 'भीती ही अज्ञानाची लेक आहे.' छपाईत ते ठळक करून घेतलं होतं.

या पत्रकानं कामं मिळाली कमी, गेली जास्त. लोह्याच्या एका विज्ञानाच्या मास्तरांना खिडकी अमुकच दिशेला हवी होती, कारण वास्तुवाल्यानं तसं सांगितलं होतं. त्या दिशेला शेजाऱ्याची सरळ भिंत होती. मी त्यांना पत्रक वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, पहिल्या पानावरची शुद्धलेखनाची एक चूक दाखवली आणि काम दुसऱ्याला दिलं. आजही त्यांच्या माळ्यावरून भिंतीचं छान दर्शन होतं. हमीदचाचांना मात्र माझी पत्रकं फार उपयोगी पडायची. कागद जाड होता. ते त्यात स्क्रू गुंडाळून ठेवायचे.

चाचांबद्दल सांगायलाच हवं, कारण मी जी काही आहे ती त्यांच्यामुळे. साठीच्या पुढचे, अंगानं चांगले रुंद, लातूरचेच. आधी गवंडी, मग वेल्डर, मग दोन्ही. मला कुणी कामावर उभं करत नव्हतं, तेव्हा ते माझ्याबरोबर आले. पोरीच्या हाताखाली काम करतो म्हणून त्यांच्या चहाच्या टपरीवर टोमणे झाले. त्यांनी मला ते दोन वर्षांनी सांगितलं, तेही हसत. त्यांचा एक नियम होता: ज्यानं केलं त्यानं आधी वापरायचं. जिना केला की ते स्वतः दहा वेळा चढायचे. छत घातलं की त्यावर वाळूची पोती ठेवून त्याखाली बसून डबा खायचे. मी विचारलं, हे कशासाठी? ते म्हणाले, "पोती छताला तपासून राह्यली, आन् मी मला."

कौसल्यामावशींचं काम आलं ते शिरूर अनंतपाळहून. त्यांचा मुलगा दिगंबर, वय तिशीच्या थोडं पुढं, घराच्या पुढच्या खोलीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. मावशी वाकळा शिवतात. इतरत्र गोधडी म्हणतात ती आमची वाकळ. जुन्या लुगड्यांचे थर आणि त्यावर मुंगीच्या रांगेसारखे टाके. त्यांची वाकळ तीन जिल्ह्यांत लेकीबाळींबरोबर सासरी गेलेली आहे. पण दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांनी मजले चढवले आणि मधलं हे बुटकं घर अंधारलं. डोळ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले नजर ठीक आहे, उजेडात बसा. उजेड होता तो दुकानात, तिथं गिऱ्हाइकांची गर्दी. दारात बसावं तर आमच्याकडचं ऊन. मग सून सकाळी कामाला जाण्याआधी दहा सुयांत दोरा ओवून उशीला टोचून ठेवायची. त्या दहा संपल्या की मावशींचं काम संध्याकाळपर्यंत बंद. पंधरा दिवसांची वाकळ तीन महिने चालायला लागली. शेवटी एक दिवस त्यांनी अर्धवट वाकळ घडी करून दिगंबरच्या पुढ्यात ठेवली आणि सांगितलं, फाड आन् दुकानात पुसायला घे. दिगंबर घाबरला. मला फोनवर म्हणाला, "मॅडम, आमची आई रिकामी बसली तर टिकणार न्हाई. वर उजेड करून द्या."

मी माप घ्यायला गेले तेव्हा मावशी माझ्यामागून शिडी चढून माळ्यावर आल्या. उत्तरेचा उतार मोकळा होता. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा असतो, ऊन आत येत नाही, शिवणाऱ्याला यापरीस चांगलं काही नाही. मी हे समजावत होते. मावशींनी विचारलं, "पोरी, भोक केवढं पाडणार?" मी सांगितलं, दोन पत्र्यांच्या रुंदीचं. "आन् खिडकी पुरी उघडती का?" उघडते की, असं म्हणून मी टेप पुढे ओढला. त्यांनी पुन्हा विचारलं, "पुरी?" मी हो म्हटलं. माझं लक्ष आकड्यांत होतं.

काम सहा दिवस चाललं आणि चांगलं झालं. आढ्याखालचे आडवे पाइप दुहेरी केले, सांगाडा कैचीला, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटीला, पक्का जोडला, छताला दोन बोटं ढाळ दिला. चाचांनी वर पोती ठेवून खाली बसून भाकरी खाल्ली. नंतर ते भाचीच्या लग्नाला उदगीरला गेले. शेवटच्या दोन दिवसांत खिडकी बसली. ती मी नेहमीसारखीच सांगितली होती: ॲल्युमिनियमची सरकती आणि बाहेरून लोखंडी ग्रिल. आमच्याकडे खिडकी म्हटली की ग्रिल आलंच, त्याबद्दल कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. मावशी वर आल्या. त्यांनी काच सरकवली, ग्रिलला हात लावला, क्षणभर धरून राहिल्या आणि खाली गेल्या. मी तेवढ्यात फोटो काढत होते. मला वाटलं, बाई खूश झाल्या.

तीन आठवड्यांनी दिगंबरचा फोन आला. आई वर बसायला तयार नाही. काही बोलत नाही, नुसती मान हलवते. भूकंपातलं माणूस आहे, सपाट छताला भीत असणार. "तुम्ही समजावा, तुमचं बोलणं चांगलं हाय," असं तो म्हणाला, आणि माझी छाती फुगली. आयुष्यभर याच क्षणासाठी तर मी पत्रकं वाचली होती.

मी गेले. माळ्याच्या शिडीखाली मावशी बसल्या होत्या. मी समोर बसले आणि अर्धा तास बोलले. धाब्याच्या छतावर फूट-दीड फूट माती असते, तुमच्या या छताचं वजन धान्याच्या चार पोत्यांएवढंही नाही. सांगाडा लोखंडी आहे, हलेल पण पडणार नाही. भीती मनात बसते, ती ज्ञानानं काढायची असते. शेवटी पत्रक काढून ते ठळक वाक्य वाचून दाखवलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मला पाणी दिलं.

"झालं का तुझं?" त्या म्हणाल्या. "तुला कोण म्हणलं मी छताला भेती?"

मी दिगंबरकडे पाहिलं. तो दुकानाच्या दारात उभा होता.

मग मावशींनी सांगितलं. आवाज न चढवता, भाजीचा भाव सांगावा तसं. त्यांचं सासर औशाकडच्या एका खेड्यात, घर धाब्याचं. धाब्याच्या छताला उजेडासाठी आणि धूर जायला एक भोक ठेवतात, त्याला साणं म्हणतात. घर बसलं तेव्हा दार मातीत गेलं. साण्याची लाकडी चौकट मात्र दोन तुळयांत अडकून तिरकी राहिली, आणि तिच्याखाली मावशी, कुशीत सहा महिन्यांचा दिगंबर. दिरानं वरून माती उकरली आणि त्या टोपल्याएवढ्या भोकातून आधी लेकराला वर घेतलं, मग मावशींना. सासू दाराकडं होती. ती राहिली.

"शेजारच्या घराला बी साणं व्हतं," त्या म्हणाल्या. "त्येला गज बसवले व्हते, चोरासाठी. त्यातनं हात बाहेर आले व्हते, माय. निस्ते हात."

दिगंबरला भूकंप माहीत होता, साणं माहीत नव्हतं. तो आत येऊन आईच्या शेजारी जमिनीवर बसला.

"म्या तुला दोनदा इचारलं व्हतं," मावशी मला म्हणाल्या. "पुरी उघडती का म्हणून. तू हाव म्हणलीस."

मी आयुष्यात अनेक वाद हरले आहे, पण इतकी स्वच्छ हार दुसरी नाही. भीती अज्ञानाची लेक नव्हती. त्या घरात सगळ्यात जास्त माहिती जिला होती, तीच भीत होती. अज्ञान माझ्याकडे होतं, आणि तेही छापील.

लातूरला परतल्यावर मी चाचांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, ते माझी चूक नाही म्हणतील. ते म्हणाले, "खिडकी बसली तवा मी न्हवतो, म्हणून तूच बघायला पायजे होतं. बाहेर पडून बघितलीस का?" मी नाही म्हटलं. "मग खिडकी झाली म्हणून कशाला म्हणलीस?"

दुसऱ्याच दिवशी आम्ही ग्राइंडर घेऊन शिरूरला गेलो. ग्रिल अर्ध्या तासात कापून काढलं. माझ्या हिशेबी काम संपलं. चाचा म्हणाले, थांब. त्यांनी चप्पल काढली आणि नियमाप्रमाणे खिडकीतून बाहेर पडायला गेले. आणि अडकले. सरकती खिडकी कितीही मोठी करा, अर्धीच उघडते. एक काच नेहमी दुसरीच्या मागे असते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं आणि चाचांना कमरेपासून मागे ओढणं, यात फरक आहे. मी आणि दिगंबर दोन पाय धरून ओढत होतो. पुढून चाचांचा आवाज येत होता, हळू ओढा, मी काही बैल न्हाई. खालून मावशींनी विचारलं, काय झालं? दिगंबर म्हणाला, चाचा मापात बसना. मावशी म्हणाल्या, माप चाचात बसव मग.

तसंच केलं. ॲल्युमिनियमची खिडकी काढली. लोखंडी चौकटीत दोन झडपांची नवी खिडकी केली, बाहेरच्या बाजूला पूर्ण उघडणारी, आतून दोन भक्कम कड्या असलेली. चोराला आतली कडी दिसतही नाही. माप घेताना चाचांना दोन्ही हात वर करून उभं केलं आणि खांद्याला टेप लावला. मावशींनी आणखी एक प्रश्न विचारला, जो मला सुचला नव्हता: बाहेर पडलं, मग जायचं कुठं? उतरत्या पत्र्यावर पाय ठरत नाही. मग खिडकीखालून शेजाऱ्याच्या पहिल्या मजल्यावरच्या उघड्या गच्चीपर्यंत पायापुरत्या जाळीच्या चार पट्ट्या बसवल्या. शेजाऱ्याला विचारायला मावशी स्वतः गेल्या. ज्याच्या मजल्यानं त्यांचा उजेड अडवला, त्याच्याच गच्चीवर त्यांची वाट निघाली, आणि त्यानं एका शब्दानं नाही म्हटलं नाही.

या जादा कामाचे पैसे दिगंबर देत होता, मी घेतले नाहीत. त्यात मोठेपणा नाही. चुकीचं पोतं ज्यानं आणलं त्यानंच उचलायचं असतं.

आता प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाकडे मी टेप काढायच्या आधी विचारते, या घरातून घाईनं बाहेर पडायचं तर कुठून पडाल? लोक आधी हसतात. मग घराकडे नव्यानं बघतात. एका घरात त्या प्रश्नावर आजोबा, सून आणि नातू असे तिघं तीन वेगवेगळ्या दिशांना बोट दाखवत उभे राहिले. पत्रक मी अजून छापते, मुहूर्ताबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. त्यातलं ते ठळक वाक्य मात्र काढलं आणि त्या जागी हा प्रश्न घातला. वडिलांना नांदेडला पहिली प्रत पाठवली. त्यांनी फोन करून एवढंच विचारलं, लेक कुठं गेली? मी म्हटलं, शिकून आली. चाचांची तक्रार आहे, की नवा कागद पातळ आहे, स्क्रू बाहेर येतात.

पण ती खिडकी पुरी झाली त्या दिवसाचं राहिलं. सकाळी अकराचा सुमार. मावशी माळ्याच्या शिडीशी उभ्या, वर यायला तयार नाहीत. म्हणाल्या, आधी हमीदभाई बाहेर पडू द्या. चाचांनी दोन्ही झडपा ढकलल्या, उंबऱ्यावर गुडघा टेकवला, श्वास आत घेतला आणि खांदे, मग पोट, मग पाय, असे हप्त्याहप्त्यानं बाहेर गेले. चौकटीला घासून सदऱ्याचं मधलं बटण तुटलं आणि टणटण करत पत्र्यावरून गटारीकडे गेलं. चाचा पट्ट्यांवरून शेजाऱ्याच्या गच्चीवर पोचले, वळले आणि तिथून त्यांनी आम्हाला हात केला.

मावशी खालून ऐकत होत्या. "निघाले का?"

"निघाले," दिगंबर म्हणाला.

"ते निघाले म्हंजे गाव निघंल," असं म्हणून त्या शिडी चढायला लागल्या. दिगंबरनं वरून हात दिला. त्यांनी तो धरला, वर आल्या, झडपा हातानं मागं-पुढं करून पाहिल्या, पूर्ण उघड्या ठेवल्या आणि खिडकीखाली मांडी घातली. उत्तरेचा उजेड त्यांच्या मांडीवर पडला होता. तेवढ्यात चाचा शेजाऱ्याच्या जिन्यानं उतरून, गल्लीला वळसा घालून, उघड्या सदऱ्याचे काठ एका हातानं धरून वर आले.

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं. "हमीदभाई, सदरा काढा."

चाचा लाजले. राहू द्या, घरी गेलो की लावतो, म्हणाले. मावशींनी हात तसाच पुढे धरला. शेवटी चाचा बनियनवर एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसले. मावशींनी कनवटीच्या पिशवीतून एक बटण काढलं, रंगाचा मेळ नव्हता. सुई काढली, रिकामी. सून कामावर गेली होती. मी सवयीनं हात पुढं केला, त्यांनी तो बाजूला सारला.

त्यांनी दोऱ्याचं टोक ओलं केलं, सुई उजेडाकडे धरली आणि एक डोळा बारीक केला. दोरा पहिल्याच वेळी नेढ्यातून आरपार गेला.